धुळ्याच्या लाइनवर भाऊचा प्रोग्राम

भाऊ गेला तेव्हा त्याच्यामागे आई, वहिनी आणि एक प्रोग्राम राहिला. आई आणि वहिनीला भेटायला जळगावचे लोक महिनाभर येत होते. प्रोग्रामची विचारपूस कोणी केली नाही, कारण तो कामावर होता.

भाऊ, म्हणजे माझा थोरला भाऊ, जळगावात एका बियाणे कंपनीत होता. कंपनी म्हणजे एक शेठ, शेठचा एक पुतण्या, मार्केट यार्डाजवळची दुमजली इमारत आणि धुळ्याला एक गोडाऊन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेठनी हौसेने युनिक्सचं एक मशीन घेतलं आणि त्याच्यासाठी एसी लावलेली काचेची खोली केली. उन्हाळ्यात सगळं ऑफिस काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत येऊन जात असे. भाऊने त्या मशीनसाठी प्रोग्राम लिहिला होता. कुठल्या दुकानदाराला कुठल्या वाणाच्या किती पिशव्या गेल्या आणि गोडाऊनमध्ये किती उरल्या, एवढंच त्याचं काम. मशीनला देवनागरी येत नव्हतं, म्हणून प्रोग्राम रोमन अक्षरांत बोलायचा, पण मराठीत. कोण? कुठलं? किती? उत्तर लिहिलं की पुढचा प्रश्न. दिवसाचं काम संपल्याची खूण दिली की तो बेरीज करायचा, दिवस बंद करायचा, प्रिंटरवर कागद काढायचा आणि शेवटी स्क्रीनवर लिहायचा: बरं, येतो. भाऊ घरातही फारसा याहून जास्त बोलत नसे.

श्रावणातल्या एका दुपारी, डबा उघडायच्या आधीच, ऑफिसात त्याचं हृदय थांबलं. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. प्राचार्यांच्या खोलीतल्या फोनवर निरोप आला: भाऊची तब्येत जरा बरी नाही, घाबरण्यासारखं काही नाही, पण लगेच निघा. आमच्याकडे मृत्यू फोनवर सांगत नाहीत. जो सांगतो त्यालाही माहीत असतं, जो ऐकतो त्यालाही कळतं, आणि दोघे मिळून प्रवासापुरता माणूस जिवंत ठेवतात. पारोळ्यापर्यंत माझा त्या निरोपावर विश्वास होता. एरंडोलला बस थांबली तेव्हा उरला नव्हता.

तेराव्याला शेठ घरी आले. सतरंजीवर बसले आणि वहिनीला म्हणाले, “भाऊंच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसवायला मन होत नाही. तुम्ही या.”

वहिनी चोपड्याची, बी.कॉम. झालेली. तिने मशीन तोवर फक्त दसऱ्याला, पूजेच्या वेळी पाहिलं होतं. पण घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं, आणि माझ्या पगारावर बसून खाणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती गेली. महिनाभरात तिची बोटं अक्षरांवर बसली, आणि दिवाळीपर्यंत भाऊचा तो प्रोग्राम कंपनीत तिच्याइतका कुणालाच कळत नव्हता. तो कशावर अडतो, कुठे उत्तर न देता नुसतं बटण दाबलं तरी चालतं, हे सगळं तिला ठाऊक होतं. नवऱ्याबद्दल हेच सारं माहीत व्हायला तिला काही वर्षं लागली होती, असं ती म्हणायची.

तिच्या दिवसातलं मुख्य काम संध्याकाळचं. धुळ्याच्या गोडाऊनवर एक जुने कारकून होते. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना फोन लावायचे आणि दिवसभराच्या पावत्या वाचून दाखवायचे. वहिनी त्या प्रोग्रामला सांगायची. शेवटची पावती झाली की नाना अहिराणीत म्हणायचे, “चाल माय, वाढवस आते.” दुकान बंद करतो असं आमचा व्यापारी कधी म्हणत नाही. बंद हा शब्दच तोंडात आणायचा नाही, दुकान वाढवतात. नानांनी वाढवतो म्हटलं की वहिनी दिवस संपल्याची खूण द्यायची आणि प्रिंटर सुरू व्हायचा. त्याआधी कधीही नाही. मध्येच फोन तुटला तर ती पुन्हा लागायची वाट बघत बसायची.

त्या दसऱ्याला एक घटना घडली, ती सांगितली पाहिजे. प्रोग्राम ज्या स्वरूपात माणसाला वाचता येतो, बदलता येतो, ते मूळ लिखाण भाऊने मोठ्या चौकोनी दोन फ्लॉप्यांवर ठेवलं होतं. मशीनवर होता तो चालणारा प्रोग्राम. त्याला चालवता येतं, उघडून दुरुस्त करता येत नाही. दसऱ्याला ऑफिसात हत्यारांची पूजा असते. वजनकाटा, पोती शिवायचा दाभण, टाइपरायटर, सगळं ओळीने मांडतात. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, भाऊंचीही हत्यारं मांडा. ड्रॉवरमधून त्या दोन फ्लॉप्या काढल्या, पूजा नीट पोचावी म्हणून त्यांची कागदी पाकिटंही काढली, आणि आतली काळी चकती जिथे उघडी दिसते नेमक्या त्या खिडकीत ओलं हळदीकुंकू आणि अक्षता वाहिल्या. मनापासून वाहिल्या. वहिनी असती तर तिने थांबवलं असतं. पण पूजेच्या वेळी तिला लवकर घरी जायला सांगितलं होतं, अशा वेळी विधवेला जसं आडून सांगतात तसं. दुसऱ्या दिवशी तिने फ्लॉप्या कापडाने पुसून मला दाखवल्या. चकती फिरवली की तांदळाचा आवाज येत होता.

हिवाळ्यात टेलिफोन खात्याची लाइन मंजूर झाली. जळगाव ते धुळे, चोवीस तास आपलीच, भाड्याची. अर्ज भाऊनेच केला होता. खातं आपल्या वेगाने आलं. आता नाना धुळ्याला टर्मिनलवर बसतील आणि पावत्या थेट जळगावच्या मशीनवर येतील, अशी कल्पना होती. पुण्याहून इंजिनिअर आला. तरुण, अदबशीर, मार्केट यार्डात टाय घालून फिरणारा. त्याने प्रोग्राम बघितला आणि विचारलं, “याचा सोर्स?”

वहिनीने त्याला फ्लॉप्या दिल्या. त्याने त्या हातात धरल्या, वास घेतला आणि परत दिल्या.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भाऊच्या प्रोग्रामला दोनच गोष्टी येत होत्या: समोरून आलेलं वाचणं आणि समोर लिहिणं. रीड आणि राइट. फाइल असो, टर्मिनल असो, प्रिंटर असो, युनिक्समध्ये याच दोन क्रियांवर सगळा संसार चालतो. पण दुसऱ्या गावाशी जोडणी करायची तर तिचे विधी वेगळे. आधी आपलं टोक उघडायचं, त्याला पत्ता द्यायचा, कुणी बोलावतंय का बघत बसायचं, बोलावलं की स्वीकारायचं, मग पाठवायला वेगळी क्रिया, घ्यायला वेगळी, आणि निरोप घ्यायलाही वेगळी. लग्नाची बोलणी करतात तसं, प्रत्येक पायरीचा मान राखून. हे सगळं प्रोग्राममध्ये घालायचं तर तो उघडावा लागणार, आणि तो उघडण्याची सोय हळदीकुंकवाने संपली होती.

“आमचं तयार पॅकेज आहे,” इंजिनिअर म्हणाला. “सोबत आमचा माणूसही देतो. तो इथेच बसेल.”

इथेच म्हणजे कुठे, ते त्याने हाताने दाखवलं. ती वहिनीची खुर्ची होती. वहिनी तेव्हा तिच्यावरच बसली होती.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, “ताई, आखाजीपर्यंत हाच प्रोग्राम धुळ्याशी बोलायला लागला तर वहिनी आहेतच. नाही तर पुण्याचं घ्यावं लागेल, आणि त्यांचा माणूस आला की मी वहिनींना काय काम देऊ? चहा करायला तर बसवणार नाही.” आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पेरणीचं बियाणं उचलायला लोक येतात, तेव्हा त्यांना वाट बघायची सवड नसते. शेठचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. त्या वर्षी सगळ्यांचंच म्हणणं बरोबर असायचं, आणि त्याचा फार त्रास व्हायचा.

मशीनबरोबर मॅन्युअलचा एक गठ्ठा आला होता. त्यातले बरेचसे खंड प्लास्टिकमध्येच होते. शेठच्या परवानगीने मी ते धुळ्याला नेले आणि हिवाळाभर वाचत बसले. मला वाचायला काहीतरी हवंच होतं. कादंबऱ्यांत माणसं मरतात. मॅन्युअलमध्ये कुणी मरत नाही, फार तर एखादी क्रिया अयशस्वी होते आणि तिचं कारण खाली दिलेलं असतं. शोक करणाऱ्या माणसाने काय वाचावं यावर आपल्याकडे गरुडपुराणाखेरीज काही सुचवत नाहीत. मी हे सुचवीन.

जोडणीवरच्या खंडात, शेवटाकडे, एक छोटंसं प्रकरण होतं. अगदी दोन-तीन पानांचं, पाहुण्याला घाईत उरकावं तसं लिहिलेलं. त्यात म्हटलं होतं की एकदा जोडणी रीतसर झाली की तिच्यावर एक पातळ थर चढवता येतो. त्या थराचं नाव स्वर काढून टाकलेलं होतं, उच्चारायची सोय नव्हती. तो चढवला की ते पाठवणं, घेणं, मानपान सगळं थांबतं आणि साधं रीड, साधं राइट चालू होतं. ज्या प्रोग्रामने आयुष्यात दुसरं गाव पाहिलेलं नाही, तोही त्या जोडणीवर बसवता येतो. त्याला वाटतं, समोर नेहमीचं टर्मिनलच आहे.

मी ते पान त्या दिवशी किती वेळा वाचलं ते आता आठवत नाही. दुसऱ्या सकाळी वर्गात मी भलत्याच विषयाचा तास घेतला.

अटी होत्या. जोडणी पुरी होण्याआधी थर चढवता येत नाही. चढवल्यावर मग ते खास विधी वापरता येत नाहीत. पलीकडून रांग मोडून काही तातडीचं आलं तर तो थर गोंधळतो आणि जोडणी कामाची राहत नाही. हे वाचून मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली. शेवटची अट निरोपाची होती. जोडणीवर निरोप दोन प्रकारे येतो: पलीकडच्याने रीतसर सांगून घेतलेला, किंवा मधेच तुटलेला. खास क्रिया वापरणाऱ्याला हा फरक कळतो. साधं वाचणाऱ्याला कळत नाही. तो वाचायला जातो आणि हाती शून्य अक्षरं येतात, एवढंच. पलीकडचा निघून गेला की त्याला कुणी ओढून नेलं, हे त्या शून्यावर लिहिलेलं नसतं.

मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो जळगावला धुळ्याच्या हाकेची वाट बघत बसायचा. हाक आली की जोडणी स्वीकारायचा, तिच्यावर थर चढवायचा, आणि मग स्वतः उठून आपली जागा भाऊच्या प्रोग्रामला द्यायचा. युनिक्समध्ये हे अक्षरशः तसंच होतं: बसलेला नाहीसा होतो आणि त्याच आसनावर दुसरा येतो. भाऊच्या प्रोग्रामला यातलं काही माहीत नसे. तो यायचा आणि विचारायचा: कोण?

पहिल्यांदा तो प्रश्न धुळ्याच्या स्क्रीनवर उमटला तेव्हा नाना आणि मी गोडाऊनमध्ये होतो. नानांनी चष्मा वर केला.

“हाऊ कोण इचारी ऱ्हायना माय?”

“भाऊचा प्रोग्राम आहे, नाना. जळगावहून.”

नाना एका बोटाने दुकानदाराचा नंबर दाबत पुटपुटले, “सांगस ना भो, सांगस. घाई नको करू.”

शेठना मी निरोपाची अडचण आधीच सांगितली होती. लाइन मध्येच तुटली तर प्रोग्रामला वाटेल दिवस संपला, आणि अर्ध्या पावत्यांवर तो बेरीज करून दिवस बंद करेल. एकदा बंद केलेला दिवस तो पुन्हा उघडत नाही. भाऊने तसंच लिहिलं होतं. शेठ म्हणाले, “ताई, टेलिफोन खात्याला पैसे भरलेत. लाइन तुटेल कशाला?” यावर उत्तर देण्याइतकी मी धीट नव्हते.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात दाखवण्याचा दिवस ठरला. जळगावला काचेच्या खोलीत शेठ, पुतण्या, पुण्याचा इंजिनिअर आणि वहिनी. धुळ्याला नाना आणि मी. पावत्यांचा गठ्ठा नानांच्या डाव्या हाताशी. काम छान चाललं होतं. नानांना त्या प्रश्नोत्तरांत गोडी वाटायला लागली होती; मधूनच ते प्रोग्रामला बियाण्याच्या वाणाबद्दल चार गोष्टी सांगायचे, तोंडी, आणि मग नंबर दाबायचे. गठ्ठा अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात लाइट गेली.

वीज आमच्या खानदेशातच, दीपनगरला तयार होते. तिथली चिमणी भुसावळच्या गाडीतून दिसते. कदाचित म्हणूनच आमच्याकडून वीज इतक्या मोकळेपणाने नेतात. टर्मिनल गेलं, पंखा गेला, मोडेमचे लाल दिवे गेले. टेलिफोन तेवढा जिवंत होता. मी जळगावला लावला. पुतण्याने उचलला.

“ताई! अभिनंदन! झालं!”

“काय झालं?”

“कागद निघाला ना! बेरीज आली, सगळं आलं. काकांनी पेढे आणायला पाठवलंय.”

“अहो, इथे लाइट गेली आहे.”

“तिकडे गेली असेल. इकडे आहे.”

माझ्या खांद्यावरून नाना फोनमध्ये ओरडले, “अरे बापू, कशाना पेढा! मन्ह्या निम्म्या पावत्या अजून हातमाच शेतस ना!”

पलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नसावं, कारण हसण्याचा आवाज चालूच राहिला. प्रिंटरची करकरही ऐकू येत होती. भाऊचा प्रोग्राम शून्य वाचून, दिवस संपला असं समजून, नेटकेपणाने सगळं आवरत होता. आवरून झाल्यावर त्याने जोडणीवर ‘बरं, येतो’ लिहायचा प्रयत्न केला असणार. जोडणीवर तेव्हा कुणी नव्हतं. ते लिहिणं कुठेही पोचलं नाही.

मग वहिनीचा आवाज आला. “ताई, नाना जवळ आहेत का? त्यांना द्या.”

मी फोन दिला. तिने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, नानांचं उत्तर तेवढं आलं. “कसं वाढवू माय? अठे बठ्ठा अंधार शे.”

त्यानंतर पलीकडचं हसणं थांबलं. पेढे मात्र आले होते; ते परत करता येत नाहीत म्हणून खाल्ले गेले, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेले. बसमध्ये मनाशी सगळं मांडून ठेवलं होतं, परीक्षेला जाताना ठेवतात तसं. शेठच्या खोलीत आम्ही चौघं होतो: शेठ, इंजिनिअर, वहिनी आणि मी. टेबलावर काल निघालेला अर्ध्या दिवसाचा कागद होता.

शेठनी आधी इंजिनिअरला विचारलं, “तुमच्या पॅकेजमध्ये हे झालं असतं?”

“नाही सर. लाइन तुटली की आमच्याकडे तुटली असंच कळतं. स्क्रीनवर एरर येते.”

“आणि मग?”

“मग पुण्याला फोन करायचा. आमचा माणूस इथे असेल तर तो करेल.”

“आणि तोवर?”

“तोवर एंट्री थांबेल.”

“माल?”

“माल नाही, सर. फक्त एंट्री.”

“माझ्याकडे एंट्रीशिवाय पोतं हलत नाही,” शेठ म्हणाले. “आखाजीनंतर माणसं बैलगाड्या, टेम्पो घेऊन उभी असतात. त्यांना काय सांगू, पुण्याला फोन लावलाय?”

मग ते माझ्याकडे वळले. मी माझं म्हणणं मांडलं. प्रोग्राम बदलता येणार नाही, पण त्याला खऱ्या फाइलीऐवजी तिच्या नकलेवर काम करू द्यायचं. तो संपला म्हणाला तरी लगेच मानायचं नाही. खरोखर संपलं असेल तर नक्कल पक्की करायची आणि कागदही तेव्हाच काढायचा. तुटलं असेल तर नक्कल टाकून द्यायची आणि नानांनी पुन्हा पहिल्यापासून पावत्या भरायच्या.

“पण संपलं की तुटलं, हे कोण ठरवणार?” शेठनी विचारलं. “मशीनला कळत नाही म्हणता.”

मी त्यावर एक लांबलचक उत्तर तयार केलं होतं. त्यात दोन्ही टोकांच्या वेळा जुळवून बघण्याची एक युक्ती होती. ती मी सांगायला सुरुवात केली तेव्हा वहिनीने मधेच तोंड उघडलं. शेठच्या खोलीत ती सहसा बोलत नसे.

“शेठ, हे ठेवा नाही तर पुण्याचं घ्या. पण नाना संध्याकाळी फोन करणारच. त्यांनी वाढवतो म्हटल्याशिवाय धुळ्याचा दिवस संपत नाही, आणि ते मशीनला वाढवतो म्हणणार नाहीत, माणसालाच म्हणतील. तो फोन कोण घेणार, तेवढं ठरवा.”

शेठ हसायला लागले, आधी नाकातल्या नाकात आणि मग मोकळेपणाने.

“म्हणजे लाइन घेतली, मोडेम घेतले, एवढं सगळं केलं, आणि फोन चालूच.”

“चालूच,” वहिनी म्हणाली.

“आणि तो पुण्याच्या पोराने घेतला तर?”

“नाना त्याच्याशी अहिराणीत बोलतील.”

इंजिनिअरही हसला. चांगला मुलगा होता. शेठनी त्याला सांगितलं, “पुढच्या वर्षी बघू.” व्यापारी माणूस नाही म्हणत नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणतो. इंजिनिअरने टाय सैल केला आणि रावेरची केळी कुठे मिळतील ते विचारलं.

अशा रीतीने वहिनीची खुर्ची राहिली. रोज संध्याकाळी धुळ्याच्या पावत्या तारेवरून यायच्या, त्यांच्या पाठोपाठ नानांचा फोन यायचा, आणि वहिनी माझ्या दुसऱ्या एका लहानशा प्रोग्रामने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची: संपलं. कधी कधी: तुटलं. तेव्हा नाना फोनवरच भाऊच्या प्रोग्रामला शिव्या घालायचे, पुन्हा पहिल्यापासून बसायचे, आणि वहिनी त्यांना समजावायची की त्याची काही चूक नाही, त्याला कळत नाही.

त्या वर्षी आखाजीला आम्ही भाऊच्या नावाने पहिली घागर भरली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवतात. तो त्या दिवसापुरता पितर. आईच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने धुळ्याहून नानांना बोलावलं. नाना इस्त्रीचं धोतर नेसून आले आणि पाटावर अगदी अवघडून बसले. भाऊला रस आवडायचा म्हणून आई त्यांना आंब्याचा रस पुन्हा पुन्हा वाढत होती. नानांना मधुमेह होता. त्यांनी एकदाही वाटीवर हात आडवा धरला नाही. सांजोऱ्याही खाल्ल्या. मला तो सगळा वेळ त्या पातळ थराची आठवण येत होती आणि हसूही येत होतं, आणि हसू आलं म्हणून उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. हात धुतल्यावर नाना आईच्या पाया पडले. त्यांचं वय आईहून जास्त होतं. आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बसस्टँडवर सोडायला मी गेले तेव्हा ते म्हणाले, “ताई, पुढला साली दुसरा कोणले बलावा. मन्हा डॉक्टर मारी टाकी मले.”

पुढच्या काही वर्षांत नाना निवृत्त झाले. शेठनी कारभार पुतण्याकडे दिला, आणि पुतण्याने ‘पुढच्या वर्षी बघू’ हे शब्द खरे करून दाखवले. पुण्याचं पॅकेज आलं. मला कळलं तेव्हा मी धास्तावून जळगावला गेले, पुन्हा सगळं मनाशी मांडून. वहिनीसाठी कुणाशी काय बोलायचं, कुठे शब्द टाकायचा.

काचेच्या खोलीत वहिनी एका नव्या, रंगीत स्क्रीनसमोर बसली होती. शेजारी दोन मुली तिच्या हाताखाली शिकत होत्या. पॅकेज निवडायला कंपनीने तिलाच पुण्याला पाठवलं होतं, आणि निवडलं तिनेच होतं. कुणी आत्ता काढणार, मग काढणार, याची चिंता त्या खोलीत फक्त मलाच होती. इतकी वर्षं मी समजत होते की ती खुर्ची भाऊच्या प्रोग्रामला टांगलेली आहे. तो गेला की तीही जाईल.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “जुनं मशीन रिकामं करायचंय. तुमचं आणि त्यांचं, दोन्ही आहे त्याच्यावर. तुमच्यासमोर केलं म्हणजे बरं.”

“नक्कल ठेवली का कुठे?”

“कशाला? आता चालवणार कोण?” तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज खाली आणला, मुलींना ऐकू जाऊ नये इतका. “ताई, मी इथे त्यांच्या जागेवर आले होते, खरं आहे. पण त्यांच्या जागेवर इतकी वर्षं कुणी बसत नसतं.”

ती जुन्या टर्मिनलकडे गेली आणि उभ्यानेच आज्ञा लिहिली. पुसण्याची आज्ञा, मला ती पाठ होती, विद्यार्थ्यांना मी ती जपून शिकवायचे. शेवटचं बटण दाबायच्या आधी ती थांबली.

“हे परत आणता येत नाही ना?”

“नाही.”

तिने बटण दाबलं आणि मुलींना पुढचं दाखवायला गेली.